तांबडी रेघ उमटायला पंधरा मिनिटे

पट्टी टेबलावर आडवी ठेवली होती. लांबी बोटाएवढी, रुंदी त्याहून कमी. डॉक्टर बाईंनी माझ्या पत्नीच्या पायातून काढलेला पू एका द्रावणात कालवला, त्याचे काही थेंब पट्टीच्या टोकाशी सोडले आणि मला म्हणाल्या, "बसा. पंधरा मिनिटे लागतील."

मी उभाच राहिलो.

ओल कागदावरून पुढे सरकताना दिसत होती. सहाव्या मिनिटाला पट्टीच्या मधोमध एक फिकट रेघ दिसू लागली. दहाव्या मिनिटाला ती तांबडी झाली. तिच्या वर आणखी एक रेघ उमटली. ती केवळ चाचणी नीट झाल्याची खूण होती. डॉक्टर बाईंनी पंधरा मिनिटे पूर्ण होऊ दिली. मग म्हणाल्या, "मेलिऑइडोसिस."

हा शब्द मी सेवेत असताना एका प्रशिक्षणात ऐकला होता. परदेशातला आजार म्हणून ऐकला आणि वहीत लिहिलाही नव्हता.

"याचा जंतू मातीत राहतो," त्या म्हणाल्या. "भाताच्या चिखलात, साचलेल्या पाण्यात. पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. मधुमेह असलेल्या माणसाला तो जास्त धरतो. यांच्या फुप्फुसात आहे, यकृतात आहे आणि रक्तातही असणार."

"खात्री?" मी विचारले.

"ही पट्टी अजून अभ्यासाखाली आहे. कल्चरचा निर्णय यायला तीन दिवस लागतील. औषध मात्र मी आत्ता सुरू करते. तीन दिवस थांबण्याइतका वेळ यांच्याकडे नाही."

तो तापाचा बाविसावा दिवस होता. त्या बावीस दिवसांपैकी बरेच दिवस माझ्यामुळे गेले. ते कसे गेले, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे. आमच्या भागात, चंद्रपूर असो वा गडचिरोली, दर पावसाळ्यात घराघरांतील बाया चिखलात उतरतात. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी हा प्रसंग आला, तर माझी चूक त्यांच्या उपयोगी पडावी.

मी शासकीय आरोग्य सेवेत प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. माझा बहुतेक काळ क्षयरोग्यांच्या थुंकीचे नमुने तपासण्यात गेला. काचपट्टीवर नमुना पसरायचा, रंग द्यायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर क्षेत्रे मोजून पाहायची. नव्वद पाहून अहवाल लिहिणाऱ्यांपैकी मी नव्हतो. निवृत्तीनंतर मुलचेरा तालुक्यातील आमच्या गावी राहतो. थोडी भातशेती आहे. मुलगी वंदना चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला असते. जावई तेथील वीज केंद्रात नोकरीला आहेत.

पत्नीचे नाव अनसूया. तिला आठ वर्षांपासून मधुमेह होता. मी तिला रोवण्याला जाण्यास मनाई केली होती. रोवणे म्हणजे भाताची रोपे चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात लावणे. आमच्या गल्लीतील बायांची एक टोळी आहे. आज एकीच्या बांधीत, उद्या दुसरीच्या, असे ते काम चालते. मी मनाई केली तेव्हा ती म्हणाली, "मी नाई गेली तं बाया म्हनतीन, साहेबीन झाली. तुमी घरी बसून पेपर वाचा. मी जातो."

ती गेली. शेजारच्या बंगाली वस्तीतील एका शेतकऱ्याच्या बांधीतही टोळीने चार दिवस रोवणे केले.

दिवसभर चिखलात उभे राहिल्याने पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते आणि फाटते. याला आमच्याकडे चिखल्या म्हणतात. त्यावर बिब्बा लावण्याची रीत आहे. बिब्ब्याचे फळ सुईला टोचून दिव्यावर धरतात. त्यातून काळे तेल सुटते, ते भेगेत सोडतात. फार जळजळते, कातडी काळी पडते, आणि बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उतरते. टोळीतील सर्वांना बिब्बा लावण्याचे काम अनसूयेकडे असे. तिचा हात हलका आहे, असे बाया म्हणत.

तिच्या डाव्या पायाच्या करंगळीखाली असाच एक काळा डाग होता. तो सुजला होता. त्याकडे मी पाहिले होते. बिब्बा उतला, म्हणजे त्याने कातडी भाजून फोड आला, असे मी समजलो. बिब्ब्याची सूज आमच्याकडे कोणी आजारात धरत नाही.

ताप आला तेव्हा पहिले तीन दिवस तोही कोणी आजारात धरला नाही. रोवण्याच्या आठवड्यात अंग तापणारच, असे गावाचे म्हणणे. आशाताईंनी बोटाला टोचून हिवतापाची चाचणी केली. आमच्या जिल्ह्यात ताप म्हटला की आधी हिवताप पाहतात, आणि ते योग्यच आहे. त्या चाचणीत हिवताप निघाला नाही. चौथ्या दिवशी मी तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेले.

तेथील तरुण डॉक्टरांनी पाय पाहून विचारले, "हे काय झालं?"

मी म्हणालो, "बिब्बा."

ते पुढच्या तपासणीकडे वळले. विचारणाऱ्याने विचारले होते; उत्तर मी चुकीचे दिले.

त्यांनी ब्लड कल्चर सांगितले. ब्लड कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालून उबेत ठेवणे. रक्तात जंतू असतील तर ते त्या बाटलीत वाढतात आणि मग ओळखता येतात. रक्त घेतले ते फरजानाने. ही बल्लारपूरची मुलगी, दोन वर्षांपूर्वी तंत्रज्ञ म्हणून रुजू झालेली. बाटली जिल्ह्याच्या ठिकाणी गेली. इकडे सेफ्ट्रिॲक्सोन नावाचे प्रतिजैविक शिरेतून सुरू झाले. ताप थोडा उतरला.

सातव्या दिवशी अहवाल आला. त्यात लिहिले होते की, स्यूडोमोनास गटातील जंतूची वाढ दिसली, बहुधा कंटॅमिनेशन, नमुना पुन्हा पाठवावा. कंटॅमिनेशन म्हणजे बाहेरची भेसळ. जंतू रुग्णाच्या रक्तातला नसून कातडीवरून, हातावरून किंवा पाण्यातून बाटलीत पडलेला. सेवेत असताना असे अहवाल मी शेकड्यांनी पाहिले होते. अहवाल हातात घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो.

"कातडी किती वेळ पुसली होतीस?" मी विचारले.

"सर, पूर्ण पुसली. स्पिरिट वाळू दिलं," फरजाना म्हणाली.

"मग हा जंतू कुठून आला?"

"मी हात पण दोनदा धुतले होते सर."

"नळाच्या पाण्याने. स्यूडोमोनास नळाच्या पाण्यातच राहतो. एवढे शिकवले नाही तुला?"

रांगेत माणसे उभी होती. सर्वांनी ऐकले. ती म्हणाली, "पुन्हा घेते ना सर, आत्ता घेते." डॉक्टरांनीही पुन्हा घ्या असेच सांगितले होते.

मी नको म्हणालो. ताप उतरला होता. अनसूया घरी जाऊ म्हणत होती. आणि ज्या हाताने एकदा भेसळ केली तो हात दुसऱ्यांदाही तेच करील, असे माझे मत झाले होते. आठव्या दिवशी तिला घरी आणले.

अकराव्या दिवशी ताप परतला, सोबत खोकला. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. तो डाग पाहताच माझ्या मनात निर्णय झाला. तसे डाग मी आयुष्यभर पाहिले होते. थुंकीचे दोन नमुने तपासले गेले. दोन्हींत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. तरीही मी डॉक्टरांना म्हणालो की, थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी क्षय असू शकतो, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही. त्यांनी माझ्या वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवला. तेराव्या दिवशी क्षयाची औषधे सुरू झाली.

त्या औषधांनी या जंतूचे काही बिघडत नाही. नऊ दिवस ती औषधे मी स्वतःच्या हाताने तिला दिली. वेळ चुकवली नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळी तिने मला ओळखले नाही. श्वास लागला होता. रुग्णवाहिकेने आम्ही चंद्रपूरला पोचलो. सोनोग्राफीत यकृतात गळू दिसले. डॉक्टर म्हणाले, आतून मधाच्या पोळ्यासारखे आहे. मग या डॉक्टर बाई आल्या. त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या. रुग्णाजवळ क्वचित येतात, असे नंतर कळले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "या काम काय करतात?"

"घरकाम. पावसाळ्यात रोवणे."

"हे पायाला काय आहे?"

"बिब्बा," मी पुन्हा तेच म्हणालो.

त्यांनी हातमोजे घातले, काळी खपली उचलली. खालून पू आला. त्यांनी पुवाचा नमुना घेतला आणि आधीचे कागद मागितले. मी पिशवीतून अहवाल काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"स्यूडोमोनास वाढला होता?"

"ती भेसळ होती."

"कोणी ठरवलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग पट्टीचे पाकीट फोडले. पुढे काय झाले ते आरंभी लिहिले आहे. हा जंतू स्यूडोमोनासचा जवळचा नातलग आहे आणि साध्या तपासणीत तसाच दिसतो. फरजानाची बाटली स्वच्छ होती. सातव्या दिवशी रोग आमच्या हातात कागदावर लिहून आला होता.

पट्टीविषयी सांगितले पाहिजे. ज्यांना पुढे ती उपयोगी पडेल त्यांना ती समजलीही पाहिजे. तिच्यात सोन्याचे नॅनोकण असतात. नॅनोकण म्हणजे केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा कण. इतके बारीक झाले की सोने पिवळे राहत नाही, द्रावणात तांबडे दिसते. या प्रत्येक कणावर प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. प्रतिपिंड म्हणजे एका ठरावीक जंतूलाच धरणारा पदार्थ. या जंतूभोवती साखरेसारख्या पदार्थाचे आवरण असते. प्रतिपिंडे नेमके तेच धरतात. नमुन्यात जंतू असला की सोन्याचे कण त्या आवरणाला चिकटतात आणि त्याच्यासह कागदावरून पुढे वाहत जातात. वाटेत एका रेघेवर तीच प्रतिपिंडे पक्की बसवलेली असतात. तेथे सगळे अडकते. सोने गोळा होते आणि रेघ तांबडी दिसते. जंतू नसेल तर सोने न अडकता तेथून निघून जाते.

मी ज्या सूक्ष्मदर्शकावर आयुष्य घालवले त्यातून हा एक कण दिसणार नाही. एकत्र आले की मात्र चष्मा न लावताही दिसतात. या पट्टीला वीज लागत नाही, उबदार पेटी लागत नाही. पुवात आणि कल्चरच्या द्रवात ती चांगली चालते. थेट रक्तात जंतू थोडे असतात, म्हणून तेथे ती चुकू शकते. डॉक्टर बाईंनी हे मला स्पष्ट सांगितले. रेघ नाही म्हणजे रोग नाही, असे समजू नये.

औषध बदलले. मेरोपेनेम, दिवसातून तीन वेळा शिरेतून. तिसऱ्या दिवशी कल्चरने पट्टीचे म्हणणे खरे ठरवले.

अतिदक्षता विभागाबाहेर एक लांब बाक होता. तेथे सिरोंच्याकडील एक कुटुंब होते. ते आपसांत तेलुगू बोलत आणि आमच्याशी हातवाऱ्यांनी. वंदना दुपारी ऊर्जानगरहून जेवणाचा डबा घेऊन येई. मी बाकावर बसून असे. भेटीची वेळ दिवसातून दोनदा. इतर वेळी दाराकडे पाहण्याखेरीज काम नव्हते. आयुष्यभर मी माणसांना सांगत आलो होतो की अहवाल उद्या मिळेल, आज बसू नका. ती माणसे तरीही का बसून राहत, हे मला तेथे कळले.

औषध बदलल्यावर चौथ्या दिवशी अनसूया शुद्धीवर आली. मी आत गेलो तेव्हा तिने डोळे उघडले होते. आवाज बारीक होता, पण आवाज तिचाच होता.

"कितवा दिवस?" तिने विचारले.

"सव्विसावा."

"रोवना झाला का आपला?"

"झाला. बायांनी केला."

"आन् तुमी काय केलं?"

मी सांगितले. बाटलीचे, फरजानाचे, क्षयाच्या औषधांचे, सगळे. न लपवता सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "जनमभर लोकायचा थुका पायला. घरच्या बाईचा पाय नाई पायला."

परिचारिका हसू दाबत दूर गेली. मी म्हणालो, "खरे आहे."

विषय बदलावा म्हणून मी पट्टीचे सांगितले. त्यात सोने असते, असे सांगितले. तेव्हा ती हसली. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "मले हातातला एक गोट नाई केला कधी, आन् आता माह्या पुवामंदी सोनं टाकून राह्यले!"

वंदना दाराशी उभी होती. तीही हसली. त्या महिन्यात आम्ही तिघे एकत्र हसलो ते एवढेच.

मग अनसूयेने माझा हात धरला. असे ती माणसांसमोर कधी करीत नसे. "पारबताचं काय?" तिने विचारले.

पारबता आमच्या गल्लीतील, टोळीतील सर्वांत लहान, चाळिशीची. मला काही ठाऊक नव्हते. वंदना म्हणाली, "तिचा गुडघा सुजला म्हणे, आई. तीन दिवस झाले, ताप पण आहे. वात म्हणून तेल चोळून राहिले."

"तिच्या पायाले बी मीच बिब्बा लावला," अनसूया म्हणाली. "त्याच दिवशी. तिले बी साखर हाय, सांगत नाई कोनाले. घेऊन या तिले."

"पाहतो," मी म्हणालो.

"पायतो म्हनू नका. घेऊन या."

मी बाहेर आलो. गावातून पारबताला हलवायचे तर तिच्या सासरच्यांनी ऐकले नसते. गुडघ्याच्या सुजेसाठी चंद्रपूर कोण गाठतो? तालुक्याच्या रुग्णालयातून कोणीतरी तिच्या घरी जाणे आवश्यक होते. तेथे मी ओळखत होतो ती एकच व्यक्ती, आणि तिचा मी रांगेसमोर अपमान केला होता. माझ्याकडे तिचा क्रमांक होता. मी जिन्यात उभा राहून तो लावला.

"फरजाना, मी बोलतो."

"हो सर." तिने आवाज ओळखला होता.

"तुझी बाटली बरोबर होती. त्यात जो जंतू होता तो खरा होता. चूक माझी होती."

तिने विचारले, "बाई कशा आहेत सर?"

मी सांगितले. मग पारबताचे सांगितले. तिने गल्ली, घर, तापाचा दिवस नीट विचारून घेतला. "डॉक्टरांना घेऊन जाते सर. गुडघ्यातलं पाणी तेच काढतील, बाटली मी धरते." मग म्हणाली, "या वेळी स्पिरिट तीनदा लावते."

तो टोमणा मला होता.

पारबता दुसऱ्या दिवशी दुपारी जीपने चंद्रपूरला आली. सोबत फरजानाने भरलेली बाटली होती, डॉक्टरांची चिठ्ठी होती, आणि कुरकुरणारा दीर होता. "पाय दुखते तं एवढ्या लांब आनते का कोनी?" तो मला म्हणाला. गुडघ्यातील द्रव पट्टीवर टाकला गेला. मी या वेळीही उभाच होतो. दीर बाकावर बसून तंबाखू मळत होता. रेघ आठव्या मिनिटाला स्पष्ट झाली.

तापाच्या चौथ्या दिवशी पारबताच्या रोगाला नाव मिळाले. अनसूयेच्या रोगाला बाविसाव्या दिवशी मिळाले होते. दोघी एकाच बांधीत होत्या.

मी अनसूयेला सांगायला गेलो. ती झोपेत होती. श्वासाचा वेग पुन्हा वाढला होता. परिचारिका म्हणाली, सकाळपासून लघवी कमी आहे. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडे काम थांबवत आहेत. दुसऱ्या दिवशी रक्तदाब औषधांवर धरून ठेवावा लागला. तिला पुन्हा शुद्ध आली नाही. पारबता वाचेल, हे तिला कळले की नाही, मला सांगता येत नाही. मी तिच्या कानाशी दोनदा सांगितले.

औषध बदलल्यापासून नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

नंतर मी डॉक्टर बाईंच्या खोलीत गेलो. त्या उठून उभ्या राहिल्या. मी विचारले, "सातव्या दिवशी नमुना पुन्हा दिला असता तर?"

"असं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"सांगता येते. मी या खात्यातलाच माणूस आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "शक्यता बरीच होती." मग म्हणाल्या, "बिब्ब्यानं जंतू आणला नाही. त्यानं फक्त जखम झाकली. हे तुमच्या गावात सांगाल का? नाहीतर बाया म्हणतील, यांच्या हातानं झालं."

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. गावात तसे बोलणे सुरूही झाले होते. तेराव्याला आलेल्या बायांना मी ओटीवर बसवून सर्व सांगितले. बिब्ब्याने रोग होत नाही, चिखलातील जंतूने होतो. बिब्बा लावला तर काळ्या कातडीखाली काय चालले आहे ते दिसत नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी ती लपवू नये आणि फाटक्या पायाने बांधीत उतरू नये. ताप आला तर डॉक्टरांना सांगावे की आम्ही चिखलात होतो. न विचारता सांगावे. आणि अहवालात भेसळ लिहिली असेल तर नमुना पुन्हा द्यावा. ज्याला सगळे कळते असा माणूस घरात असला तरी द्यावा.

एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, येवढं तुमी आदी काऊन नाई सांगतलं?"

"मला माहीत नव्हते," मी म्हणालो. हे वाक्य मी सेवेत असताना कधी उच्चारले नव्हते.

फरजानाला भेटायला मी तालुक्याला गेलो. मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो. रांग होती. रांगेसमोर मी तिला म्हणालो की, तू घेतलेला नमुना निर्दोष होता आणि मी तुला जे बोललो ते चूक होते. ती गोंधळली. "सर, बसा ना, चहा मागवते," म्हणाली. मी चहा घेतला. तिचे आणि त्या डॉक्टर बाईंचे उपकार आहेत; अनसूयेला शेवटचे एक संभाषण मिळाले ते त्यांच्यामुळे, आणि पारबता जिवंत आहे तीही त्यांच्यामुळे.

पारबता सोळा दिवसांनी घरी आली. या रोगाचे औषध तेवढ्याने संपत नाही. शरीरात लपलेले जंतू परत उठू नयेत म्हणून पुढे तीन महिने कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात, रोज सकाळ-संध्याकाळ. बरे वाटू लागले की माणूस त्या सोडतो, आणि रोग परततो. क्षयाच्या रुग्णांचे हेच होताना मी पाहिले होते. म्हणून मी रोज दोन वेळा तिच्या घरी जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी ती माझ्याकडे पाहीना. मान खाली घालून म्हणाली, "बाई गेली आन् मी वाचली, भाऊ. मले तोंड दाखवाची लाज वाटते."

मी म्हणालो, "गोळी घे."

तिने घेतली. पुढे तिची भीड चेपली. एकदा म्हणाली, "भाऊ, मी का लहान पोर आहो? आता तोंड उघडून दाखवू का तुमाले?"

"दाखव," मी म्हणालो.

तिने तोंड उघडून दाखवले. तिची सासू पोट धरून हसली. तेव्हापासून मी आलो की सासूच ओरडायची, "ये वं, तुहा पहारेवाला आला!" मधे एकदा पारबताला गोळीने पुरळ आला, तिला चंद्रपूरला नेले, डॉक्टरांनी मात्रा बदलून दिली. एकदा ती भावाकडे जाणार होती, तेव्हा मी भावाच्या गावी गेलो. तीन महिन्यांत एकही गोळी चुकली नाही.

शेवटची गोळी तिने धान कापणीनंतर एका सकाळी घेतली. सासूने चहा दिला. पारबता आता चालत होती, लंगडत होती, पण चालत होती. ती माझ्या पाया पडली. मी म्हणालो, "ताप आला तर सांगायचे." आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेवर उठलो, आंघोळ केली, शर्ट घातला, छत्री घेतली. गल्लीत चार घरे चाललो. मग लक्षात आले की गोळ्या संपल्या आहेत. मी तेथेच थोडा वेळ थांबलो. परत घरात गेलो. अनसूयेची खाट होती तेथे जमिनीवर बसलो. आजवर रडलो नव्हतो. रडायला तेव्हा वेळ मिळाला.